न पाहिलेली घरं विकणारी स्नेहलता

तोक्योच्या हिगाशी-कसाई भागातल्या भारतीय बायका स्नेहलता खळदकरला ‘घरवाल्या वहिनी’ म्हणत. त्यावर तिचा नवरा उदय ‘अर्थात, माझ्याच’ असा विनोद दर वेळी करी आणि दर वेळी एकटाच हसे. नाव मात्र चपखल होतं. कोणाला भाड्याने जागा हवी असो, कोणाचं घरमालकाशी वाजलेलं असो, फोन वहिनींनाच जाई. पण तिचा खरा धंदा निराळाच होता आणि तो ऐकून नव्या माणसाचा चटकन विश्वास बसत नसे. सहाव्या मजल्यावरच्या आपल्या लहानशा फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून, ती आकिता, शिमाने, नागानो असल्या लांबलांबच्या मुलखांतली जुनी घरं विकायची. त्यातलं एकही तिने स्वतः पाहिलेलं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं भूकंपानंतर. तेव्हा ती मंडळी तोक्योशेजारच्या उरायासुला राहत होती. मार्चमधल्या त्या शुक्रवारी दुपारी जमीन हलायची थांबली, तेव्हा त्यांच्या इमारतीला तडाही गेलेला नव्हता, पण समुद्रात भराव घालून केलेल्या त्या जमिनीतून राखाडी चिखल वर आला. रस्त्यांवरचे खांब कलले, नळ कोरडे पडले. मग फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात इमारतीतली जवळजवळ सगळी भारतीय कुटुंबं विमानतळाकडे पळाली. स्नेहलताचंही तिकीट निघालं होतं. पण नेमक्या लहानग्या नेत्राला कांजिण्या आल्या. अंगभर फोड आलेल्या मुलीला विमानात कोण घेणार? उदयने एकदा तिकिटांकडे बघितलं, एकदा मुलीकडे, आणि तो पाण्याची पिंपं घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मग पुण्याहून फोन यायला लागले. “अगं स्नेहलता, फ्रिजमध्ये पनीर राहिलंय, तेवढं टाकशील?” पनीरवरून गोष्ट फ्रिजवर गेली आणि फ्रिजवरून घरावर. बऱ्याच जणांना कंपन्यांनी परत पाठवलंच नाही. त्यांची घरं सोडायची होती, आणि जपानमध्ये घर सोडणं म्हणजे नुसती किल्ली टाकून निघणं नव्हे. कचरा जाळायचा वेगळा, न जाळायचा वेगळा. सोफा टाकायचा तर नगरपालिकेचं स्टिकर विकत आणून त्यावर चिकटवायचं आणि दिलेल्या दिवशी तो खाली नेऊन ठेवायचा. स्नेहलताने हे सगळं केलं. नेत्राला पाठीशी बांधून एकेका रिकाम्या घरातून फिरायची, लॅपटॉपवर घरच्या बाईला एकेक कपाट उघडून दाखवायची. “ते टाक, ते कोणाला तरी दे, तो गणपती मात्र जपून ठेव गं.” असे कितीतरी गणपती त्या वर्षी खळदकरांच्या फडताळात दाटीवाटीने बसले होते.

या घरांपैकी बरीच मुराता-सान नावाच्या म्हाताऱ्या एजंटाच्या ताब्यातली होती. त्याचं दुकान एका अंगाने इतकं कललेलं होतं की टेबलावर पेन ठेवलं तर घरंगळत जाई. त्याने ही बाई पाहिली. पळून गेलेल्या लोकांच्या वतीने ती भिंतीवरचा ओरखडासुद्धा स्वतःहून दाखवत होती. शेवटच्या घराची किल्ली घेताना तो म्हणाला, “तुम्ही समोर नसलेल्या माणसांची घरं रिकामी करता. मग भरायलाही जमेल.”

अशी तिला नोकरी लागली. पुढे मुराता-सानने दुकान हिगाशी-कसाईला हलवलं, त्याच्या पाठोपाठ खळदकरही तिकडे आले. घरांच्या व्यवहारासाठी इथे सरकारी परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेची जपानी बघून जपानी माणसांनाही घाम फुटतो. स्नेहलता दोनदा नापास झाली. नेत्रा तेव्हा शाळेत जायला लागली होती. आई मराठीत प्रश्न विचारायची आणि लेक जपानीत उत्तर द्यायची. ती लेकच मग आईच्या पुस्तकातली कांजी अक्षरं वाचून दाखवू लागली. तिसऱ्या खेपेला स्नेहलता पास झाली. मुराता-सानने दुकानाच्या काचेवर तिचं नाव रंगवून घेतलं आणि मगच तिला बातमी सांगितली.

लांबची घरं विकण्याची कल्पनाही त्याच्याच दुखण्यातून निघाली. शिमानेच्या एका खेड्यात त्याच्या आईवडिलांचं घर ओस पडलं होतं. तिथे जायला त्याला होईना, आणि शेजारी गवत माजल्याच्या तक्रारी करत. “हे घर कोणी फुकटसुद्धा घेणार नाही,” तो म्हणे. स्नेहलताने तिथल्या न्हाव्याला गाठून फोटो मागवले, ते इंटरनेटवर टाकले, आणि जुन्या मोटरसायकली गोळा करणाऱ्या ओसाकाच्या एका गृहस्थाने ते घर घेतलं. त्यांना घर नकोच होतं, गोठा हवा होता.

मग तिच्या लक्षात आलं की असली घरं देशभर पडून आहेत. मालक शहरात मुलाकडे राहायला गेलेले, आणि घर गावात एकटं. ती मालकाशी फोनवर बोलून करार करी, ठरलेल्या मुदतीत गिऱ्हाईक शोधी, आणि घर मालकाच्या नावावरून थेट गिऱ्हाइकाच्या नावावर जाई. मधला फरक दुकानाचा. “म्हणजे मार्केट यार्डातला आडत्या,” उदय म्हणाला. स्नेहलताच्या वडिलांची गुलटेकडीला कांद्याची आडत होती, त्यामुळे तिला हे मुळीच लागलं नाही. प्रत्येक गावात तिने एकेक डोळा पेरून ठेवला होता. कुठे न्हावी, कुठे निवृत्त पोस्टमन, कुठे शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई. ते जाऊन घर पाहत, फोटो काढत, खरं काय ते सांगत. यामागाताच्या डोंगरातल्या ओबानाझावा गावात तिचा माणूस होता होशी-सान. तो गॅसचे सिलिंडर पोचवायचा, त्यामुळे कुठल्या घरात चूल पेटते आणि कुठल्या नाही हे त्याला आपोआपच कळायचं. कान्नो-सानचं घर त्यानेच सुचवलं.

कान्नो-सान ऐंशी ओलांडलेली बाई होती. नवरा गेल्यावर मुलगा तिला ओसाकाला घेऊन गेला होता. करार झटपट झाला. गिऱ्हाईकही झटपट मिळालं. सुगिहारा-सान म्हणून एक ट्रॉम्बोन शिकवणारा मनुष्य होता. ट्रॉम्बोन म्हणजे लांब नळी पुढेमागे सरकवत फुंकायचं ते पितळी वाद्य. आयुष्यभर तो फ्लॅटमध्ये राहिला होता आणि आयुष्यभर शेजाऱ्यांची बोलणी खात आला होता. त्याला असं घर हवं होतं की मोकळेपणाने फुंकलं तर फक्त डोंगराने ऐकावं.

जपानमध्ये सहीऐवजी नावाचा शिक्का लागतो; आता कान्नो-सानने शेवटच्या कागदांवर तो शिक्का उठवायचा आणि किल्ली द्यायची, एवढंच उरलं होतं. तिथे घोडं अडलं.

आधी म्हणे, नगरपालिकेतून आणलेल्या शिक्क्याच्या दाखल्याची मुदत संपली. नवा दाखला आला तर, अंगणातल्या काकीच्या झाडाला ती टोमॅटोसारखी केशरी फळं लागलीत, ती उतरू देत. फळं उतरली तर बर्फ सुरू झाला, आणि बर्फात घर दुसऱ्याच्या हाती द्यायचं बरं दिसत नाही. दर वेळी ती स्वतःच फोन करून कारण सांगे. नेत्रा शाळेला गेली, भांडी आवरली, की फोन वाजायचाच.

“मोशि मोशि, सुने-सान?”

‘स्नेहलता’ म्हणणं काही तिच्या जिभेला झेपलं नव्हतं. पहिल्यांदा ही हाक ऐकली तेव्हा स्नेहलताला हसू आवरेना. लग्नानंतर तिच्या सासूनेसुद्धा तिला अशी हाक मारली नव्हती. कामाचं बोलणं क्षणात संपे. मग कान्नो-सान विचारी, आज काय केलंत जेवायला? डाळीत आंबट काय घातलंत? मुलीने आज मराठीत काही म्हटलं का? स्नेहलताच्या जपानीतल्या चुका ती न दुखवता दुरुस्त करी, आणि दुरुस्त करताना तिच्या तोंडून असा काही यामागाताचा हेल निघे की स्नेहलताला शब्द पुन्हा विचारावा लागे. “इथे ओसाकात माझं बोलणं ऐकून लोक हसतात,” ती एकदा म्हणाली. “दुकानात मी आता बोटानेच दाखवते.”

“मीसुद्धा पहिली काही वर्षं बोटानेच दाखवायची,” स्नेहलता म्हणाली.

बर्फ पडू लागल्यावर चौकशी वाढली. छपरावर किती साचला? कोणी उतरवला का? स्नेहलता होशी-सानला फोन लावी, तो जाऊन बघे आणि फोटो पाठवी, मग ती ओसाकाला कळवी. तो हिवाळाभर तोक्योत कोरडं ऊन पडलेलं असताना ती दिवसातून एकदा तरी ओबानाझावाच्या बर्फाबद्दल बोलत असे.

इकडे सुगिहारा-सानच्या भाड्याच्या घराची मुदत संपत आली. मुराता-सानने कराराचा कागद काढून समोर ठेवला. “मोडण्याची सोय आहे यात. मोडून टाका. म्हातारीला घर विकायचं नाही, उघड आहे.”

“आई, त्या आजींचा जीव अडकलाय त्या घरात,” नेत्रापण म्हणाली. जपानीतच.

स्नेहलतालाही तसंच वाटत होतं. गेली काही वर्षं तिच्या मनात एक रुखरुख होती. आपण फोटो बघून लोकांची घरं इकडची तिकडे करतो, त्या घरांत कोणाचं काय राहून जातं ते आपल्याला ठाऊकही नसतं. तिने ठरवलं, की कान्नो-सानला एकदा घरी घेऊन जायचं. मन भरून बघू दे, रडू दे. त्यानंतर ती नको म्हणाली तर आपण करार मोडू आणि सुगिहारा-सानची माफी मागू.

एप्रिलच्या अखेरीला बर्फ वितळल्यावर ते जमलं. मुलाने ओसाकाला आईला गाडीत बसवून दिलं आणि स्नेहलता तिला उतरवून घ्यायला तोक्यो स्टेशनच्या फलाटावर उभी राहिली. इतके महिने बोलून दोघी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या. डब्यातून टोपी घातलेली, चिमणीएवढी बाई उतरली आणि वर बघून म्हणाली, “आवाजावरून वाटलं होतं तुम्ही जाड असाल.”

यामागाताच्या गाडीत दोघींनी डबे उघडले. स्नेहलताने मेथीचे ठेपले नेले होते. कान्नो-सानने एक खाल्ला, विचार केला, आणि दुसरा रुमालात बांधून पिशवीत ठेवला. मग स्नेहलताने तिला सांगून टाकलं की आमच्या भाषेत सून म्हणजे मुलाची बायको, आणि ‘सुने’ ही तिला मारायची हाक.

कान्नो-सानचा चेहरा एकदम गंभीर झाला. “मग इतके दिवस बोलला का नाहीत? मी नाही तुम्हाला त्या नावाने हाक मारणार. फार कष्टाचं काम असतं ते.”

स्टेशनवर होशी-सान व्हॅन घेऊन आला होता. शेतांतून पाणी चमकत होतं, सावलीच्या कडांना अजून मळका बर्फ होता. व्हॅन घरापाशी थांबली. स्नेहलता खाली उतरली आणि बघतच राहिली. आपण विकायला काढलेलं घर ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. फोटोत ते नुसतं जुनं दिसायचं. इथे ते मोठं होतं, भारी, काळ्या लाकडाचं, पाठीशी डोंगर घेऊन बसलेलं. तिने कान्नो-सानला हात द्यायला व्हॅनचं दार उघडलं.

“मी इथेच बसते,” कान्नो-सान म्हणाली. “गाडीत ऊब आहे. तुम्ही बघून या.”

स्नेहलताला वाटलं, धीर होत नसेल. ती एकटीच आत गेली. आत गारठा होता, बाहेरच्यापेक्षा जास्त. मधल्या खोलीत जमिनीतली चौकोनी चूल, वर धुराने काळ्या झालेल्या तुळया. स्वयंपाकघराची मोरी इतकी ठेंगणी की कमरेत वाकल्याशिवाय हात पोचेना. दाराशी बर्फ उपसायची फावडी टांगलेली होती, मोठी, मधली, आणि एक लहान. मोठ्यांच्या दांड्यांवर धूळ होती. लहानाचा दांडा तेवढा हाताने झिजून गुळगुळीत झाला होता. स्नेहलताने तो नुसता धरून पाहिला. तिच्याही हातात बरोबर बसला.

ती परत येऊन व्हॅनमध्ये शेजारी बसली. होशी-सान बाहेर मागच्या सिलिंडरच्या नळ्या तपासत होता.

“तुम्हाला आतून काही घ्यायचं असेल,” ती म्हणाली. “आपल्याला घाई नाही. आणि विकायचं नसेल, तर तसं सांगा. मी रागावणार नाही, कोणीच रागावणार नाही.”

“विकायचं नसेल?” कान्नो-सानला समजेना. “कोण म्हणतं?”

“मला वाटलं, तुमच्या आठवणी…”

“आठवणी आहेत ना. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात नवरा तोक्योला बांधकामावर गेला. इथले सगळेच पुरुष जात, बर्फात शेती नाही म्हणून. मी आणि सासूबाई. पहाटे उठून दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढायची, दुपारी छपरावरचा बर्फ उतरवायचा, तोवर वाट परत बुजलेली. सासूबाई बोलायच्या नाहीत. त्यांना आवाजच खपायचा नाही. मी भांडं आपटलं तर दोन दिवस अबोला. असे किती हिवाळे गेले. नवऱ्याने तोक्योचे रस्ते बांधले, मी इथे तीच वाट पुन्हा पुन्हा काढली.” ती घराकडे बघत होती, पण तिच्या आवाजात ओल नव्हती. “चांगलं घर आहे. पडलं नाही कधी. कोणी घेत असेल तर आनंद आहे.”

“मग इतके महिने तारीख का पुढे ढकललीत?”

कान्नो-सानने टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची कड सारखी केली.

“शिक्का उठवला की तुमचं काम संपलं,” ती म्हणाली. “मग तुम्ही फोन कशाला घ्याल?”

स्नेहलताच्या डोळ्यांपुढून सगळा हिवाळा गेला. भांडी आवरताना आपले कान फोनकडे लागलेले असायचे, रविवारी तो वाजायचा नाही तेव्हा दिवस मोठा वाटायचा, हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

“मी घेईन. मीच करीन,” ती म्हणाली.

“कामाशिवाय?”

“कामाशिवाय.”

“कामाशिवाय माणसं थोडे दिवस करतात,” कान्नो-सान म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. “मग थांबतं. काहीतरी काम पाहिजे.”

दुपारी सुगिहारा-सान आला. उंच, वाकलेला, पाठीवर वाद्याची लांबलचक पेटी. होशी-सानच्या स्वयंपाकघरात कागद मांडले, कान्नो-सानने एका दमात सगळे शिक्के उठवले आणि मग त्या माणसाला समोर बसवून बर्फाची शिकवणी घेतली. कुठल्या अंगाच्या छपरावरचा बर्फ आधी उतरवायचा, दाराशी किती जागा मोकळी ठेवायची, कोणाला मदतीला बोलवायचं. तो शाळकरी मुलासारखा माना डोलवत होता. निघताना त्याने भीतभीत विचारलं, एकदा घरात वाजवून बघू का?

व्हॅन पुन्हा घरापाशी गेली. सुगिहारा-सान आत गेला. थोड्या वेळाने त्या काळ्या लाकडातून एक मोठा, जाड, पितळी सूर बाहेर आला आणि डोंगराला जाऊन भिडला. झाडावरचे कावळे उडाले. कान्नो-सानने व्हॅनची काच पूर्ण खाली केली आणि वाजवणं संपेपर्यंत ऐकत राहिली.

“उत्तम,” ती म्हणाली. “सासूबाईंनी हा माणूस दारातसुद्धा उभा केला नसता.” आणि ती हसायला लागली. इतकी हसली की होशी-सानने मागे वळून बघितलं. हसता हसता तिने डोळे पुसले, तेव्हा स्नेहलतानेही पुसले.

फोन थांबले नाहीत. काही दिवसांतच कान्नो-सानने कामही शोधून काढलं. ओसाकात आठवड्यातून काही दिवस ती वृद्धांच्या डे-सर्व्हिसमध्ये जायची. तिथली गाडी सकाळी घरून न्यायची, व्यायाम, जेवण, आंघोळ झाली की परत सोडायची. आतापर्यंत तिथे ती कोपऱ्यात गप्प बसून असायची. आता ती टेबलाटेबलाला फिरू लागली.

“सुचेता-सान,” फोनवर ती म्हणाली. ‘सुने’ सोडल्यापासून ती नवनवीन नावं देऊन बघत होती. “इथे एक मोरि-सान आहेत. कोचीला घर आहे. भाऊ हयात आहे, पण भांडत नाही. छप्पर गळत नाही म्हणतात, माझा विश्वास नाही. तुमच्या माणसाला पाठवा.”

एजंटांच्या चिठ्ठ्या फाडून टाकणारी म्हातारी माणसं चहा पिता पिता कान्नो-सानला सगळं सांगत. कोणाची बहीण सही देणार नाही, कोणाच्या विहिरीला पाणी नाही, कोणाला विकायचं आहे पण मुलाला सांगायचा धीर नाही. ती सगळं पारखून, निवडून, मगच स्नेहलताला कळवी. त्या एका डे-सर्व्हिसमधून कोची, तोत्तोरि, नोतो अशा मुलखांतली घरं आली, जिथे मुराता-सानचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. स्नेहलताने एक नवा नेम केला. जमेल तिथे घर हातचं जाण्याआधी मालकाला बरोबर घेऊन ते बघून यायचं. मुराता-सान गाडीभाड्यावरून कुरकुरला. मग एकदा स्वतःच बरोबर आला, आणि परत आल्यावर कुरकुरला नाही.

कोरोनात प्रवास बंद झाला, डे-सर्व्हिसलाही कुलूप लागलं. तेव्हा कान्नो-सानची नात तिला टॅबलेटवर फोन लावून द्यायला बसायची, आणि बसल्या बसल्या आजीचं बोलणं ऐकायची. “माझी नात आता यामागाताचं बोलून दाखवते,” कान्नो-सानने अभिमानाने सांगितलं. “चुकीचं. पण बोलते.”

निर्बंध उठून डे-सर्व्हिस पुन्हा सुरू झाल्यावर स्नेहलता ओसाकाला तिथेच गेली. कान्नो-सानने तिच्यासाठी टेबलाशी मधोमध खुर्ची ठेवून घेतली होती आणि समोर तोत्तोरिच्या एका आजोबांना आणून बसवलं होतं. ते हाताची घडी घालून बसले होते. त्यांना घर विकायचं नव्हतं, त्याबद्दल बोलायचंही नव्हतं.

“नका विकू,” स्नेहलता म्हणाली. “मी फक्त भेटायला आलेय. घर कसं आहे तेवढं सांगा.”

आजोबांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग हाताची घडी सोडली आणि टेबलावर बोटाने दार कुठे, विहीर कुठे ते काढायला लागले. संध्याकाळी लोकांना घरी सोडणारी गाडी आली, ड्रायव्हर दार उघडून उभा राहिला. आजोबा अजून ओसरीपर्यंतच पोचले होते. कान्नो-सानने ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली आणि आपली खुर्ची आणखी जवळ ओढून घेतली.